अमेरिकन घराण्यांतील वडिलोपार्जित चांदी



जुन्या वस्तूला दोन इतिहास असतात. एक तिनें आपल्या अंगावर वागविलेला, आणि दुसरा घरांतील माणसांनीं तिच्याविषयीं सांगितलेला. हे दोन्ही इतिहास एकमेकांशीं जुळले म्हणजे ती वस्तु घराण्याचा दस्तऐवज होते. ते जुळले नाहींत तर कोणावर विश्वास ठेवावा, असा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेंतील जुन्या घराण्यांतून वारशानें चालत आलेले चांदीचे चमचे, काटे, पेले, चहादाण्या, साखरेच्या डब्या अशा जेवणाखाण्याच्या भांड्यांच्या संबंधानें आज मी ह्या प्रश्नाचा विचार करणार आहें.

विषय परदेशाचा खरा. परंतु तो निवडण्यास कारण आहे. त्या देशांत चांदीच्या भांड्यावर मालकाचीं आद्याक्षरें, तळाशीं वजन आणि पाठीवर कारागिराचा ठसा अशा तीन खुणा घालण्याची चाल दीर्घ काळ होती. त्यामुळें घरगुती वस्तूवरून घराण्याचा माग कसा काढावा, ह्याचा धडा तेथें फार स्पष्टपणें मिळतो. आपल्याकडेहि तांब्यापितळेच्या भांड्यांवर नांव घालण्याची चाल आहेच. तेव्हां हा धडा श्रोत्यांस अगदींच परका वाटूं नये.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत अमेरिकेंतील इंग्रजी वसाहतींत आजच्यासारख्या बँका नव्हत्या. फिलाडेल्फियांतील पहिली बँक १७८२ सालीं उघडली. तोंपर्यंत सांठविलेला पैसा म्हणजे घरांतील नाणीं, आणि तीं नाणीं बहुतेक स्पेनच्या सत्तेखालील मेक्सिको व पेरू ह्या देशांच्या खाणींतून निघालेल्या रुप्याचीं. नाणें चोरीस गेलें तर ओळख पटविणें कठीण. एक डॉलर दुसऱ्या डॉलरासारखाच. परंतु तींच नाणीं सोनाराकडे देऊन त्यांचा पेला घडविला, त्यावर आपलीं अक्षरें घातलीं आणि तळाशीं वजन कोरून घेतलें, कीं तो पेला शंभरांत ओळखतां येई. चोरी झाली तर वर्तमानपत्रांत अक्षरांसकट आणि ठशासकट जाहिरात देतां येई. अडचणीच्या वेळीं तो मोडून पुन्हां पैसा करतां येई, आणि तोंवर पाहुण्यापुढें तो मिरवितांहि येई. म्हणजे टेबलावरची चांदी ही शोभा होती, भांडें होतें आणि ठेवहि होती.

वजन कोरण्याचें कारणहि ह्यांतच आहे. तें औंस आणि पेनीवेट ह्या मापांत लिहीत. औंस म्हणजे आपले सुमारें ३१.१ ग्रॅम, आणि औंसाचा विसावा भाग तो पेनीवेट. घरमालक मरण पावला म्हणजे त्याच्या मालमत्तेची जी याद कोर्टांत दाखल होई, तींत चांदी पुष्कळदां वजनानेंच लिहिलेली आढळते. आज अभ्यासकाला हें कोरलेलें वजन फार उपयोगी पडतें. शेंदोनशें वर्षांच्या घांसण्यापुसण्यानें भांडें थोडें हलकें झालेलें असावें, हें स्वाभाविक आहे. तें कोरलेल्या वजनापेक्षां बरेंच जड भरलें, तर मागाहून त्याला कोणी तोटी किंवा मूठ जोडली असली पाहिजे, असा संशय येतो. साध्या पेल्याची सुरई करून ती अधिक किंमतीला विकण्याचे प्रकार तेथें पुष्कळ झालेले आहेत.

आतां ठशाकडे वळूं. इंग्लंडांत चांदीचा कस सरकारमान्य कचेरींत पाहून तिच्यावर ठसे मारीत, आणि त्यांत सालदर्शक अक्षरहि असे. अमेरिकेंतील वसाहतींत असा बंदोबस्त नव्हता. बाल्टिमोर शहरांत १८१४ पासून १८३० पर्यंत कस पाहण्याचा कायदा होता. परंतु तो अपवादच. बाकी सर्वत्र कारागीर आपल्या नांवाचा अथवा आद्याक्षरांचा ठसा मारी, आणि गिऱ्हाइकानें त्याच्या अब्रूवर विश्वास ठेवावयाचा. पुढें १८३० नंतर कांहीं चमच्यांवर ‘कॉइन’ असा शब्द दिसूं लागतो. त्याचा अर्थ नाण्याच्या कसाची चांदी, म्हणजे हजारांत नऊशें भाग शुद्ध. ‘स्टर्लिंग’ म्हणजे हजारांत नऊशें पंचवीस भाग. न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीनें हा कस १८५० च्या सुमारास पत्करला, आणि प्रॉव्हिडन्सच्या गोरहॅम कंपनीनें १८६८ सालीं. त्यानंतर तो सर्वत्र रूढ झाला. हीं सालें लक्षांत ठेवावीं, कारण पुढें त्यांचें काम पडणार आहे.

बोस्टनमध्यें १६५२ सालीं टांकसाळ निघाली. जॉन हल आणि रॉबर्ट सँडरसन हे दोन सोनार ती चालवीत. जे हात नाणीं पाडीत तेच पेले आणि चमचे घडवीत. त्यांच्या शिलिंगावर पाइन वृक्षाचें चित्र असे, आणि साल १६५२. मौज अशी कीं, पुढें सुमारें तीस वर्षें शिलिंगें पाडलीं गेलीं तरी त्यांवरील साल बदललें नाहीं. १६७५ सालच्या शिलिंगावरहि १६५२ च. वस्तूवर कोरलेलें साल आणि वस्तु तयार झाल्याचें साल हीं एकच असतील असें नाहीं, हा ह्या विद्येंतील पहिला नियम म्हणावयास हरकत नाहीं.

मालकाच्या अक्षरांचीहि एक रीत आहे. अठराव्या शतकांतील भांड्यांवर पुष्कळदां तीन अक्षरें त्रिकोणांत मांडलेलीं दिसतात. वरचें अक्षर आडनांवाचें, खालीं डावीकडचें नवऱ्याच्या नांवाचें आणि उजवीकडचें बायकोच्या नांवाचें. हीं तीन अक्षरें हातीं आलीं म्हणजे गांवच्या चर्चमधील विवाहाची नोंदवही उघडून तें जोडपें शोधतां येतें. पुढें एकोणिसाव्या शतकांत लग्नांतील चांदीवर वधूच्या माहेरच्या नांवाचीं आद्याक्षरें घालण्याची चाल फार रूढ झाली. इंग्रजी कायद्याप्रमाणें स्त्रीचें लग्न होतांच तिची जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असे. मिसिसिपी संस्थानानें १८३९ सालीं आणि न्यूयॉर्क संस्थानानें १८४८ सालीं कायदे करून ह्या स्थितींत सुधारणा आरंभिली. त्यापूर्वींच्या काळांत कायद्यानें जी वस्तु तिची नव्हती तिच्यावर तिचें माहेरचें नांव मात्र कोरलेलें राहिलें. पुष्कळ घराण्यांत आईकडून मुलीकडे आणि मुलीकडून नातीकडे गेलेली स्त्रियांची परंपरा कागदोपत्रीं सांपडत नाहीं. ती चमच्यांच्या दांड्यांवर सांपडते.

ह्याचें एक सुरेख उदाहरण बोस्टनच्या ललितकला संग्रहालयांत आहे. जॉन कोनी नांवाच्या बोस्टनच्या सोनारानें १६८० ते १६८५ च्या दरम्यान घडविलेली ती एक लंबगोल साखरेची डबी आहे. त्या काळीं साखर महाग होती, आणि अशी डबी श्रीमंत घराचें भूषण असे. डबीवर कोरलेल्या मजकुराचा आशय असा कीं, ही भेट नॉर्टन आजीकडून १७१९ सालीं जन्मलेल्या ॲना क्विन्सी हिला. डबी घडविल्यापासून तिसाहून अधिक वर्षांनीं ॲना जन्मली. म्हणजे हा मजकूर मागाहूनचा आहे. कोरलेल्या सालावरून जर कोणी डबीचें वय ठरवील, तर तो फसेल. परंतु घराण्याचा माग काढणाऱ्याला त्या दोन ओळी अनमोल आहेत. ही आजी आईची आई होती. हिंगहॅम गांवच्या नॉर्टन पाद्रीबोवांची मुलगी क्विन्सी घराण्यांत दिलेली होती, आणि ॲना ही तिची मुलगी. ॲनाची धाकटी बहीण एलिझाबेथ. तिची मुलगी ॲबिगेल ही पुढें अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स ह्यांची पत्नी आणि सहावे अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स ह्यांची आई झाली. म्हणजे डबीवरची ॲना ही ॲबिगेलची मावशी. आजीनें नातीचें नांव कोरून घेतलें नसतें, तर ती डबी आज नुसती ‘कोनीनें केलेली एक डबी’ म्हणून राहिली असती.

वस्तु, कागद आणि घराणें ह्या तिघांचीहि साक्ष जेथें जुळते असें दुसरें उदाहरण पॉल रिव्हीर ह्याच्या कामाचें आहे. रिव्हीर हा बोस्टनचा सोनार. १७७५ सालच्या १८ एप्रिलच्या रात्रीं घोड्यावरून दौडत जाऊन त्यानें इंग्रजी फौज निघाल्याची वर्दी गांवोगांव दिली, म्हणून त्याचें नांव अमेरिकेंत मुलांमुलांना ठाऊक आहे. १७७३ च्या सप्टेंबरांत वूस्टर गांवच्या डॉक्टर विल्यम पेन ह्यानें सेलमची लोइस ऑर्न हिच्याशीं लग्न केलें, आणि त्या लग्नाची भेट म्हणून रिव्हीरकडून ४५ नगांचा चांदीचा संच करविला. रिव्हीरच्या हातून एका गिऱ्हाइकासाठीं झालेलें हें सर्वांत मोठें काम समजतात. कॉफीची सुरई, चहादाणी, पेले, दुधाचें भांडें, साखरेचा चिमटा, लहानमोठे चमचे असें सारें त्यांत आलें. त्यावर कुलचिन्ह आहे तें ऑर्न घराण्याचें, आणि अक्षरें आहेत तीं वधूचीं. रिव्हीरच्या रोजकीर्दी आजहि मॅसॅच्युसेट्स इतिहास मंडळाच्या संग्रहीं आहेत, आणि ह्या कामाची नोंद तींत सांपडते.

ह्या संचाला इतिहासाची एक विलक्षण किनार आहे. त्याच वर्षीं, १६ डिसेंबर १७७३ रोजीं, बोस्टनच्या बंदरांत चहाच्या पेट्या समुद्रांत फेंकण्यांत आल्या, आणि त्या चळवळींतील एक अग्रणी हाच रिव्हीर होता. उलट डॉक्टर पेन राजनिष्ठ निघाला. युद्ध पेटल्यावर तो इंग्रजांच्या बाजूला गेला आणि इंग्रजी सैन्याच्या वैद्यकीय खात्यांत नोकरीस राहिला. अनेक वर्षांनीं तो वूस्टरला परतला. देशभक्तानें घडविलेली चहाची चांदी राजनिष्ठाच्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या राहिली. आज ती त्याच वूस्टर गांवच्या कलासंग्रहालयांत आहे.

ही परंपरा इतकी अभंग असल्याचा लाभ पाहा. १८६१ सालीं लाँगफेलो कवीची रिव्हीरच्या घोडदौडीवरील कविता प्रसिद्ध झाली आणि रिव्हीरच्या चांदीला भाव आला. भाव आला तसे खोटे ठसेहि आले. साध्या जुन्या चमच्यावर मागाहून रिव्हीरचें नांव उमटविणें कांहीं कठीण नाहीं. परंतु ज्या भांड्याची नोंद घडविणाराच्या कीर्दींत आहे, ज्यावर वधूचीं अक्षरें आहेत आणि जें त्याच घराण्यांतून निघालें आहे, त्याविषयीं शंका घेण्यास जागा राहत नाहीं. घराण्याची हकीकत ही नुसती हौस नसून पुरावा आहे, तो ह्या अर्थानें.

आतां जेथें हकीकत आणि वस्तु ह्यांचा मेळ बसत नाहीं अशा गोष्टींकडे वळूं.

टांकसाळवाल्या जॉन हलचीच गोष्ट घ्या. त्याची मुलगी हॅना हिचें लग्न १६७६ सालीं सॅम्युएल स्यूअल ह्याच्याशीं झालें. लोकांत अशी कथा आहे कीं, बापानें मुलीला तराजूच्या एका पारड्यांत बसविलें, दुसऱ्यांत पाइनचीं शिलिंगें ओतलीं आणि भारोभार हुंडा दिला. हॉथॉर्न ह्या कथाकारानें १८४० च्या सुमारास मुलांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत ती रंगवून सांगितली आणि ती घरोघर पोंचली. हिशेब मात्र निराळें सांगतात. हुंडा पांचशें पौंडांचा होता आणि तो हप्त्यांनीं दिला गेला. तुला झालेली नाहीं. परंतु येथेंहि एक गंमत आहे. पांचशें पौंड म्हणजे दहा हजार शिलिंगें. शिलिंगाचें वजन ७२ ग्रेन. तेव्हां एकूण वजन सुमारें ४७ किलो भरतें. सडपातळ मुलीचें वजन तेवढें असूं शकेल! कदाचित् कोणी असाच हिशेब केला असेल आणि त्यांतून कथा जन्मली असेल. म्हणून घराण्यांतील दंतकथा खोटी ठरली तरी ती फेंकून देऊं नये. तिच्या पोटांत कोठें तरी खरा आंकडा दडलेला असण्याचा संभव असतो.

दुसरी फसगत फार सार्वत्रिक आहे. पुष्कळ अमेरिकन घरांत चमच्यांच्या पाठीवर ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ अशीं अक्षरें आढळतात. घरचीं माणसें म्हणतात, हे चमचे १८४७ सालचे आणि चांदीचे. दोन्ही विधानें चुकीचीं असतात. हार्टफर्डच्या रॉजर्स बंधूंनीं १८४७ सालीं विजेच्या साहाय्यानें मुलामा चढविलेलीं भांडीं बाजारांत आणलीं. पुढें दुसऱ्या कंपनीनें ती छाप विकत घेतली आणि १८४७ हा आंकडा छापेचा भाग म्हणून विसाव्या शतकांतहि मारला गेला. पाइनच्या शिलिंगावरील १६५२ सारखाच हा प्रकार. आंतील धातु हलकी, वर चांदीचा पातळ मुलामा. तो चमचा आजीच्या लग्नांतला असूं शकेल. परंतु तो पणजीच्या पणजीचा मात्र नव्हे.

तिसरी गोष्ट दक्षिणेकडील संस्थानांतली. १८६४ च्या अखेरीस जनरल शर्मन ह्याची फौज जॉर्जियांतून समुद्राकडे निघाली, आणि १८६५ च्या आरंभीं ती कॅरोलिनांत शिरली. त्या वेळीं अनेक घरांनीं चांदी अंगणांत पुरली, विहिरींत सोडली, हें खरें आहे. परंतु आज दक्षिणेंतील पुष्कळ घरांत, ‘हे आमच्या पणजीनें शर्मनपासून लपविलेले चमचे’ म्हणून जे दाखवितात, त्यांच्या पाठीवर पाहिलें तर ‘स्टर्लिंग’ आणि गोरहॅमचा ठसा असतो. गोरहॅमनें स्टर्लिंगचा कस १८६८ सालीं पत्करला. त्याच कंपनीचा ‘शांतिई’ नांवाचा अतिशय लोकप्रिय नमुना तर १८९५ सालचा. जो चमचा घडलाच नव्हता तो पुरला कसा जाणार? येथें कोणी बुद्ध्या खोटें बोललें असें समजूं नये. पुरलेली चांदी बहुधा विकली गेली असेल, मोडली गेली असेल. तिच्या जागीं नवी आली आणि जुनी हकीकत नव्या चांदीला चिकटली. वस्तु बदलतात, गोष्ट मात्र घर सोडीत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं बोस्टनजवळील एका गांवीं मुलाकडे मीं चार महिने काढले. तेथें वृद्ध माणूस वारलें म्हणजे घरांतील सामान घरांतच मांडून विकण्याची पद्धति आहे. अशा एका विक्रीला माझी सून मला घेऊन गेली. स्वयंपाकघरांतील ओट्यावर स्वयंपाकाचाच तराजू ठेवलेला होता आणि चांदी वजनावर विकली जात होती. एका खोक्यांत सहा जाड चमचे होते. त्यांवर मालकिणीनें ‘१८४७’ अशी चिठ्ठी लावून किंमत बरीच ठेवली होती. ते अर्थात् रॉजर्सचे मुलाम्याचे. दुसरे पांच चमचे पातळ, हलके आणि पुढच्या कडेला एका बाजूनें झिजलेले होते. उजव्या हातानें वर्षानुवर्षें ढवळल्यानें आणि बशीच्या तळाशीं घांसल्यानें चमचा असा तिरका झिजतो. त्यांच्या पाठीवर ‘कॉइन’ हा शब्द होता आणि दांड्यावर एस्. एच्. हीं अक्षरें. हे मात्र तराजूंत टाकण्यासाठीं ठेवलेले.

घरची मालकीण पन्नाशीची बाई. आजीचें घर रिकामें करीत होती. अक्षरें कोणाचीं, असें मीं विचारलें. तिला सांगतां येईना. आजीचें आडनांव निराळें, आजोबांचेंहि निराळें. माझ्या सुनेनें तिला माहेरच्या अक्षरांची चाल समजावून सांगितली. तेव्हां तिनें तेथूनच आपल्या नव्वदीच्या घरांतील आत्याला टेलिफोन लाविला. पांच मिनिटांत उत्तर आलें. आजीची आजी सारा, तिच्या माहेरचें आडनांव एच् नें सुरू होणारें; ती मेन संस्थानांतून लग्न होऊन आली, आणि हे चमचे तिच्या बापानें दिलेले. मूळ सहा होते; एक मुलांनीं नदींत घालविला. हें सर्व त्या वृद्ध बाईंना ठाऊक होतें, आणि कोणी विचारलें नव्हतें म्हणून त्यांनीं सांगितलें नव्हतें. मालकिणीनें ते पांच चमचे रुमालांत बांधून बाजूस ठेवले. आम्हीं तेथून एक पितळी घंटा तेवढी घेतली.

तो प्रसंग सांगण्याचा हेतु एवढाच कीं, वस्तूवर दोन अक्षरें असूनहि त्यांची किल्ली एका नव्वद वर्षांच्या स्मरणांत होती. ती विचारली गेली नसती तर आणखी थोड्याच काळांत सारा हें नांव जगांतून गेलें असतें, आणि चमचे आटून गेले असते.

येथें एका गोष्टीचा उल्लेख न करणें अन्यायाचें होईल. चांदीवर मालकाचें नांव आहे, कारागिराचें आहे. परंतु तिच्यामागें असे कितीतरी हात आहेत कीं ज्यांचें नांव कोठेंच नाहीं. मेक्सिको आणि पेरूच्या खाणींत राबलेले तद्देशीय लोक. सोनारांच्या दुकानांत भाते ओढणारे आणि ठोकणारे गुलाम कारागीर, ज्यांच्या कामावर ठसा मालकाचा पडे. दक्षिणेंतील वाड्यांत ती चांदी रोज घांसणाऱ्या गुलाम बायका. शर्मनच्या वेळीं चांदी पुरली ती बहुधा ह्याच माणसांच्या हातांनीं, आणि ती कोठें पुरली हें गुपित राखलें तेंहि ह्यांनींच. घराण्याच्या गोष्टींत पणजीचें नांव येतें. खड्डा खणणाराचें येत नाहीं. फिलाडेल्फियांत पीटर बेंट्झन ह्या स्वतंत्र कृष्णवर्णीय सोनारानें स्वतःच्या आद्याक्षरांचा ठसा चालविला, म्हणून आज त्याचें काम ओळखतां येतें. ठसा असण्याचें मोल किती, हें अशा एका उदाहरणावरून कळतें. एखाद्या घराण्यानें आपल्या चांदीची हकीकत लिहितांना हीं नांवें जेथें सांपडतील तेथें लिहिलीं, तर तो इतिहास अधिक खरा होईल.

चांदीला एक शाप आहे. तो म्हणजे तिची धातु. लांकडी खुर्ची जुनी झाली तर माळ्यावर पडून राहते. चांदीचा चमचा आटवून विकतां येतो. १९७९ च्या आरंभीं चांदीचा भाव औंसाला सहा डॉलरांच्या आसपास होता. टेक्सासच्या हंट बंधूंनीं प्रचंड खरेदी केल्यामुळें तो जानेवारी १९८० मध्यें पन्नास डॉलरांच्या जवळ गेला, आणि मार्चच्या अखेरीस अकरा डॉलरांच्या खालीं कोसळला. त्या थोड्या महिन्यांत अमेरिकेंत घराघरांतून चहादाण्या आणि चमचे आटणीस गेले. त्यांतील कितींवर कोणाचीं अक्षरें होतीं, ह्याचा हिशेब कोणापाशीं नाहीं. ऑक्टोबर २०२५ मध्यें भावानें पुन्हां पन्नास डॉलरांची मर्यादा ओलांडली. शिवाय आतांच्या तरुण कुटुंबांना ही चांदी नको असते. ती हातानें धुवावी लागते, घांसावी लागते, आणि बारा माणसांची पंगत टेबलावर बसण्याचे दिवस कमी झाले आहेत. मुलांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. ज्या वस्तूची गोष्ट आपण त्यांना सांगितली नाहीं, ती त्यांना वजनाचीच वाटणार.

उलट गोष्ट ठाऊक असली म्हणजे काय होतें तेंहि पाहा. १७६८ सालीं पंधरा बोस्टनकरांनीं रिव्हीरकडून चांदीचा एक वाडगा करविला. इंग्रज सरकारच्या हुकुमापुढें मान न वांकविणाऱ्या मॅसॅच्युसेट्स कायदेमंडळाच्या ९२ सभासदांच्या सन्मानार्थ तो होता, आणि त्यावर त्या पंधरा जणांचीं नांवें कोरलेलीं आहेत. खासगी मालकींत फिरत फिरत तो वाडगा विक्रीस निघाला, तेव्हां बोस्टनच्या संग्रहालयानें १९४९ सालीं तो विकत घेतला; त्यासाठीं लोकांनीं वर्गणी दिली आणि शाळेंतील मुलांनींहि आपले पैसे दिले. त्यांत धातु होती ४५ औंसांची. मुलांनीं पैसे दिले ते त्या ४५ औंसांसाठीं नव्हेत.

शेवटीं, ह्या सर्वांतून घ्यावयाचा व्यवहारी बोध थोडक्यांत सांगतों. जुनें भांडें हातीं आलें म्हणजे आधीं त्याची पाठ पाहावी, मग तोंड. ठसा, अक्षरें आणि वजन हीं जशीं असतील तशीं कागदावर उतरवून घ्यावीं. अस्पष्ट अक्षरें घांसून उजळ करूं नयेत, आणि जुनीं अक्षरें काढून नवीं घालूं नयेत. अक्षर गेलें म्हणजे साक्षीदार गेला. घरांतील सर्वांत वृद्ध माणसाला आजच विचारावें, आणि तें सांगेल तें त्याच्या नांवानिशीं व तारखेनिशीं लिहावें. जें वस्तूवर दिसतें तें ‘दिसतें’ म्हणून लिहावें, आणि जें ऐकलें तें ‘असें सांगतात’ म्हणून लिहावें. दोन्हींची सरमिसळ करूं नये. ती चिठ्ठी वस्तूबरोबरच ठेवावी. भाऊबहिणींत वांटणी झाली तर प्रत्येक वांट्याबरोबर तिची एकेक नक्कल द्यावी, कारण संच फुटला म्हणजे प्रथम हरवतो तो इतिहास.

नॉर्टन आजीनें एका साखरेच्या डबीवर नातीचें नांव आणि जन्मसाल कोरून घेतलें. तीनशें वर्षांनंतर आपण तें वाचीत आहों. सर्वांनाच सोनार बोलावणें शक्य नाहीं. परंतु एक चिठ्ठी आणि पेन्सिल कोणत्याहि घरांत मिळेल. आपल्या घरांतील तांब्यावर, परातीवर अथवा अत्तरदाणीवर जीं अक्षरें आहेत, तीं कोणाचीं हें घरांतील मुलांना ठाऊक आहे काय, एवढें आज जेवतांना विचारून पाहावें, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.